आधी भुरका, मग पाकीट

पुण्यात पेयावरून झालेला सर्वांत मोठा गदारोळ चहाचा. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी ती घेतली, कोणी नुसती समोर ठेवून दिली, आणि गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची यादीच वर्तमानपत्रात छापून आणली. प्रायश्चित्ताचा वाद टिळक-रानड्यांपर्यंत पोहोचला. कॉफीवरून मात्र या शहरात कोणाचे ग्रामण्य झाले नाही. ती आली तीच दुधासाखरेत मिसळून, आणि वर जायफळ किसून घेऊन खुशाल सोवळ्यात बसली.

आता चहा निवांत आहे आणि वाद आहेत ते कॉफीचे. कोथरूडपासून खराडीपर्यंत अनेक घरांच्या ओट्यावर छोटा वजनकाटा, हाताने फिरवायचा ग्राइंडर आणि तीन-चार पाकिटे दिसू लागली आहेत. पाकिटावर मळ्याचे नाव, मळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, दाणे भाजल्याची तारीख. रविवारी सकाळी घरातले कोणीतरी ओळीने कप मांडून चमच्याने चाखत बसते आणि बाकीचे घर आपल्या चहाची वाट बघत ताटकळते.

या छंदाची टवाळी करणे सोपे आहे आणि पुण्यात ती यथास्थित होतेही. पण त्यात एक सरळ प्रश्न आहे. या दोन कॉफ्या वेगळ्या आहेत असे आपण म्हणतो, ते जिभेला कळले म्हणून की पाकिटावर वाचले म्हणून? मत तर प्रत्येकाकडे असतेच. ते तपासून घेण्याची सोय चार कप आणि एक काटा एवढ्यावर घरच्या घरी होते, ही या खेळातली खरी गंमत.

जुन्या मराठी घरात असा प्रश्न पडायचे कारण नव्हते. कॉफी एकच असे. दूध, साखर, डब्यातली पूड, उकळी, वेलची-जायफळ, आणि गाळणे. पाहुणा आला, उपासाचा दिवस असला, मंगळागौरीचे जागरण असले की ती व्हायची. डब्यातली पूड बहुतेक चिकोरी मिसळलेली. मुंबईत पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८ साली कॉफी दळून विकायला सुरुवात केली. पुढे 'पोलसन' म्हटले की लोकांना लोणी आठवू लागले, पण त्या घराण्याचा धंदा उभा राहिला तो 'पोलसन्स फ्रेंच कॉफी'वर, आणि तिच्यात चिकोरी होती. म्हणजे आजी ज्या चवीला कॉफी म्हणत असे, तिच्यात एका भाजलेल्या मुळीचा वाटा चांगलाच होता.

दुसरी चव दक्षिणेकडून आली. रास्ता पेठेतल्या दाक्षिणात्य कुटुंबांच्या घरांत पितळी फिल्टर होतेच. शहराला ती कॉफी ओळखीची केली उडुपी हॉटेलांनी. दक्षिण कन्नड भागातून आलेल्या जगन्नाथ शेट्टी यांनी नावारूपाला आणलेले फर्गसन रस्त्यावरचे 'वैशाली' आधी 'मद्रास हेल्थ होम' या नावाने चाले. तिथे फिल्टर कॉफीवर तासन्‌तास बसून गप्पा मारलेल्या पुणेकरांच्या दोन-तीन पिढ्या सहज निघतील. तरीही 'कुठली कॉफी?' याचे उत्तर तेव्हा 'वैशालीची' किंवा 'घरची' एवढेच होते. कुठल्या डोंगरावरची, असे कोणी विचारत नव्हते.

आणि विचारले असते तरी उत्तर मिळाले नसते. त्यामागे सरकारी व्यवस्था होती. दुसऱ्या महायुद्धात परदेशी बाजार बंद पडले, मळे बुडायला आले, तेव्हा १९४२ च्या कॉफी कायद्याने कॉफी बोर्ड आले. मळेवाल्याने आपले पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात, म्हणजे 'पूल'मध्ये जमा करायचे. बोर्डाने ते एकत्र विकायचे आणि प्रत्येकाला प्रतवारीप्रमाणे हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे. संकटात या व्यवस्थेने मळे तगवले. पण युद्ध संपल्यावरही ती तशीच चालू राहिली आणि एका मळ्याची कॉफी दुसऱ्याच्या कॉफीत नाव-गाव हरवून मिसळत राहिली. जीव ओतून पिकवणारा आणि पाट्या टाकणारा दोघे एकाच पोत्यात. १९९० च्या दशकात सक्ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ मध्ये सगळे पीक खुल्या बाजारात विकायची मोकळीक मिळाली. मळ्याचे नाव छापलेली पाकिटे निघाली ती त्यानंतर. दिल्लीत २०१३ साली सुरू झालेले ब्लू टोकाई, मुंबईतले सबको आणि कोइनोनिया, नागपूरचे कॉरिडॉर सेव्हन हे भाजणारे आज पुण्यात घरपोच पाकीट पाठवतात. शहरातल्या कॅफेंमध्येही दाणे भाजले जातात, विकले जातात.

देशात वर्षाला साधारण साडेतीन लाख टन कॉफी पिकते. त्यातली सुमारे सत्तर टक्के एकट्या कर्नाटकात, बाकीची मुख्यतः केरळ आणि तमिळनाडूत. जातीने पाहिले तर जवळपास सत्तर टक्के रोबस्टा आणि उरलेली अरेबिका. २०१९ मध्ये कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुदनगिरी अरेबिका, अराकू व्हॅली अरेबिका आणि वायनाड रोबस्टा या पाचांना भौगोलिक मानांकन मिळाले; मॉन्सून्ड मलबारला ते त्याआधीच मिळालेले होते. पाकिटावर 'रत्नागिरी इस्टेट' वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर हापूसची पेटी येते खरी, पण हा मळा बाबाबुदनगिरीतला. कोकणाशी त्याचे नाते नावापुरते. महाराष्ट्राची स्वतःची कॉफी हवी असेल तर मेळघाटात जावे लागते. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, सुमारे अकराशे मीटर उंचीवर, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत. पीक थोडके, त्यामुळे पुण्याच्या दुकानात ती सहसा दिसत नाही. तिकडे जाणाऱ्याने चिवड्याबरोबर एक पुडी आणावी, असा आग्रह करायला हरकत नाही.

पहिल्या चाचणीला कोणती पाकिटे घ्यावीत? ठळक फरकाची. दोन शेजारच्या मळ्यांच्या अरेबिका घेऊन बसलात तर पहिल्याच दिवशी जीभ हात टेकेल. चौघी पुरेत: चिकमगळूरची धुतलेली अरेबिका, एखादी 'नॅचरल', मॉन्सून्ड मलबार आणि एक चांगली रोबस्टा. धुतलेली म्हणजे फळाचा गर आणि चिकटा काढून, पाण्याने धुऊन वाळवलेला दाणा. चव स्वच्छ, आंबटपणा स्पष्ट. नॅचरल म्हणजे आख्खे फळच उन्हात वाळवायचे आणि मग सोलायचे. वाळताना गर आंबतो आणि दाण्याला पिकलेल्या फळाचा, कधी किंचित दारूकडे झुकणारा वास येतो.

मॉन्सून्ड मलबारची कथा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाणारी भारतीय कॉफी आफ्रिकेला वळसा घालून पोहोचेपर्यंत अनेक महिने समुद्राची ओल खाई. दाणा फुगे, पिवळट पडे, त्याचा आंबटपणा निघून जाई. तिकडच्या गिऱ्हाइकाला तीच चव आवडू लागली. पुढे वाफेची जहाजे आली, सुएझ कालवा झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि कॉफी ताजी पोहोचू लागली, तशी तक्रार आली की ही ती कॉफी नव्हे. मग पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरकडच्या गोदामांत जून ते सप्टेंबर दाणे पसरून, उलथेपालथे करून, त्यांना मुद्दाम पावसाळी वारा खाऊ घालायची पद्धत बसली. पावसाळ्यात चिवडा सादळला म्हणून आपण हळहळतो; तिकडे सादळणे हाच माल.

आता कप मांडू. व्यापारात कॉफी पारखायची जी रीत आहे तिला कपिंग म्हणतात आणि ती घरी जशीच्या तशी करता येते, कारण तिला यंत्र लागत नाही. जगभर पाळले जाणारे प्रमाण दीडशे मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम कॉफीचे. म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या कपाला अकरा ग्रॅम. चारही कप एकाच आकाराचे, एकाच रंगाचे घ्यायचे. दळण सगळ्यांचे सारखे, थोडे जाडसर. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी उकळते तेच ९८ अंशांच्या जरा वर. गॅस बंद करून थोडे थांबले की कपिंगला हवे ते तापमान आपोआप येते. थर्मामीटर लागत नाही.

कोरडी पूड आधी हुंगायची. मग घड्याळ लावून पाणी ओतायचे आणि चार मिनिटे कपाला हात लावायचा नाही. वर पुडीचा तपकिरी थर जमतो; कॉफी ताजी असेल तर तो फुगतो, त्याला बारीक चिरा पडतात, बुडबुडे फुटतात. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. थर मेल्यासारखा सपाट बसला तर पाकीट शिळे, हे चव घेण्याआधीच कळते. चार मिनिटे झाली की नाक कपाच्या अगदी जवळ नेऊन चमच्याच्या पाठीने तो थर तीनदा मागे ढकलायचा. त्या क्षणी जो वास येतो तसा नंतर पुन्हा येत नाही. चार कपांतला सर्वांत मोठा फरक कित्येकांना इथेच कळतो. मग दोन चमच्यांनी वरचा फेस आणि तरंगणारी पूड काढून टाकायची आणि आणखी चार-पाच मिनिटे थांबायचे.

नंतर भुरका. लहानपणी ज्यासाठी पाठीत धपाटा बसला तोच. चमचाभर कॉफी जोरात, आवाज करत ओढली की तिचे तुषार तोंडभर उडतात आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. जीभ एकटी फार थोडे सांगते: गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी उमामी. जांभूळ, गूळ, भाजलेला शेंगदाणा, संत्र्याची साल हे सगळे नाकाचे काम. शंका असेल त्याने नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा. चारही कप कडू आणि आंबट एवढेच लागतील. चिमटी सोडली की वास एकदम दाटून येतो.

गरम असताना निकाल देऊ नये, ही नवख्यांना दिली जाणारी सर्वांत उपयोगी सूचना. वाफाळत्या कॉफीत जिभेला भाजण्यापलीकडे फारसे काही कळत नाही. कोमट झाली की गोडवा वर येतो, आंबटपणाचा प्रकार कळतो, लिंबाकडचा की चिंचेकडचा. चांगली कॉफी निवताना खुलते. वाईट कॉफी निवताना उघडी पडते. लाकडी, पोत्यासारखा, कधी रबरी वास पुढे येतो. म्हणून अर्ध्या तासात तीन फेऱ्या घ्यायच्या आणि प्रत्येक फेरीला दोन शब्द लिहायचे, पाकीट वाचण्याआधी. पाकिटावर 'ब्लॅककरंट' छापलेले असते आणि ते फळ आपल्यापैकी बहुतेकांनी खाल्लेले नसते. करवंद लिहा. काकवी लिहा. 'पावसाळ्यातले कपाट' लिहिलेत तरी चालेल, मॉन्सून्ड मलबारला ते अनेकदा बसते.

इथवर सगळे गोडीगुलाबीने चालते. कप झाकले की भांडण सुरू होते.

१९३५ मध्ये रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने प्रयोगांच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला. त्यातल्या एका प्रसिद्ध उदाहरणाचे मूळ एका चहाच्या कपात आहे. रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शेवाळशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे मला चवीवरून कळते. फिशरने आठ कपांची मांडणी सुचवली, चार असे आणि चार तसे, उलटसुलट क्रमाने. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर ओळखण्याची शक्यता सत्तरात एक. आधुनिक संख्याशास्त्राची एक मोठी शाखा या कपांच्या आसपास वाढली.

घरी याहून सोपी रीत चालते. तीन कप घ्यायचे. दोनांत एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी. कपाच्या बुडाला खूण करायची, मांडणी एकाने करायची आणि चाखायचे दुसऱ्याने. वेगळा कप कोणता, एवढेच ओळखायचे. अंदाजाने ओळखण्याची शक्यता तीनात एक, म्हणजे एकदा बरोबर आले म्हणून मिशीवर ताव मारायचे कारण नाही. पाचदा खेळून पाचपैकी चारदा जमले तर मात्र मान द्यावा. तसे निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत आहे. याच खेळाची जागतिक स्पर्धाही भरते. तिथे आठ त्रिकुटे आठ मिनिटांत ओळखायची असतात.

आणि लोक चुकतात. सपाटून चुकतात. मळा, उंची, जात तोंडपाठ असलेला माणूस झाकलेल्या तीन कपांपुढे गप्प होतो, आणि 'मला काही कळत नाही बाई त्यातले' म्हणणारी काकू दोन भुरक्यांत वेगळा कप उचलून देते, असे होण्यात काहीच अशक्य नाही. स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे मीठ-आंबट जोखणाऱ्या जिभेला हा सराव आयता असतो. डोळे किती फसवतात याचे फ्रान्समधले उदाहरण तर प्रसिद्धच आहे. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. तो अभ्यास २००१ साली छापून आला. कॉफीबाबत २०१४ मधला एक प्रयोग सांगतो की तीच कॉफी पांढऱ्या मगात दिली तर लोकांना काचेच्या मगातल्यापेक्षा जास्त तीव्र वाटते. सगळे कप सारखे हवेत ते यासाठी.

झाकून चाखण्याची सवय लागली की हळूहळू एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती पाकिटे विकणाऱ्यांना फारशी रुचणारी नाही. घरच्या कपात मोठा फरक पाडणाऱ्या गोष्टी पाकिटाबाहेरच्या असतात. पहिली, पाणी.

कपातली कॉफी ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि पुण्यात पाणी सगळीकडे एक नाही. शहराच्या बऱ्याच भागाला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांच्या साखळीतले पाणी मिळते. पूर्वेकडच्या काही भागांना भामा आसखेडचे, पिंपरी-चिंचवडला पवनेचे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस धरणात साठून आलेला, म्हणून हे पाणी मृदू. उलट उपनगरांतल्या, वेशीवरच्या सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर चालतात. दख्खनच्या काळ्या खडकातून वर येणाऱ्या त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. नळाच्या तोंडावर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जमतो तो त्याचाच. तिसरा प्रकार आरओचा, ज्याने क्षारांबरोबर जवळजवळ सगळेच काढून टाकलेले असते.

कॉफीला यातले टोकाचे कोणतेच मानवत नाही. पाण्यातली बायकार्बोनेटे आम्ल शमवतात. बोअरच्या पाण्यात ती जास्त असतात, त्यामुळे महागड्या अरेबिकाचा फळांसारखा आंबटपणा बुजतो आणि कॉफी सपाट, खडूसारखी लागते. आरओच्या पाण्यात शमवायला काहीच नसते. आंबटपणा टोचतो आणि बाकीची चव पोकळ राहते. कॉफी व्यवसायातली शिफारस मधली आहे: लिटरमागे एकूण क्षार दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास, ७५ ते २५० पर्यंत चालतील, आणि आम्ल शमवणारा भाग सुमारे चाळीस. आरओ बसवणाऱ्याकडे 'टीडीएस' मोजायची पेनासारखी काडी असतेच. ती एकूण क्षार दाखवते, त्यात काय काय आहे ते सांगत नाही. पण अंदाजाला पुरते.

एकच पाकीट, एकच दळण, तीन पाणी: नळाचे उकळलेले, आरओचे, आणि मिळाले तर बोअरचे. ही चाचणी ज्याने एकदा केली तो मळ्यांवर वाद घालताना जरा जपून बोलतो. बोअरच्या सोसायटीत राहणाऱ्या कॉफीवेड्याने सदाशिव पेठेतल्या नातेवाइकाकडून दोन बाटल्या पाणी भरून आणावे, हा सल्ला हास्यास्पद वाटेल. पण पाव किलोला पाचशे-सहाशे मोजून आणलेली कॉफी खडूच्या चवीची पिण्यापेक्षा तो परवडतो. आरओचे आणि नळाचे पाणी मिसळून हवे ते प्रमाण गाठणारेही आहेत.

दुसरी गोष्ट दळण. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दाणे फिरवले की काहींचे पीठ होते आणि काही निम्मेअर्धे राहतात. पिठातून कडू उतरते, जाड कणांतून चव पुरती निघतच नाही, आणि कपात दोन्ही दोष एकत्र येतात. शिवाय कालच्या लसणाचा वास. दोन दातेरी चकत्यांमधून दाणा काढणारा हाताचा ग्राइंडर घेतला की दळण एकसारखे होते, तत्त्व जात्याचेच. फ्रेंच प्रेसला लापशीच्या रव्याएवढे जाड आणि कागदी फिल्टरला बारीक रव्यासारखे, एवढे लक्षात ठेवले तरी भागते. पैसे मोजकेच असतील तर ते आधी ग्राइंडरवर घालावेत, यंत्रावर नंतर.

यंत्रांचे प्रकरण लवकर आटोपते. मेलिटा बेंट्झ या जर्मन गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीचा टीपकागद वापरून केलेला कागदी फिल्टर, १९३३ चा इटालियन मोका पॉट, २००५ मध्ये ॲलन ॲडलर यांनी आणलेला एअरोप्रेस, जपानी व्ही-६०: सगळे आपापल्या जागी उत्तम. मात्र दाण्यांची तुलना करायची असेल तर ज्यात कॉफी नुसती पाण्यात बुडून राहते ते साधन घ्यावे, म्हणजे कपिंगचा कप किंवा फ्रेंच प्रेस. व्ही-६० मध्ये पाणी ओतणाऱ्याचा हात कधी घाई करतो, कधी रेंगाळतो, आणि माणूस दोन मळ्यांची म्हणून आपल्याच मनगटाची तुलना करत बसतो. पाण्याच्या तापमानावरून होणाऱ्या वादावर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने २०२० मध्ये थोडे पाणी ओतले. ८७, ९० आणि ९३ अंशांना केलेल्या कॉफ्यांचा दाटपणा आणि उतरलेला अर्क सारखा ठेवला, तर चाखणाऱ्यांना तापमानाचा फरक फारसा जाणवला नाही.

मग चिकोरीचे काय? नव्या कॉफीवेड्यांच्या बैठकीत तिचे नाव भेसळ म्हणून निघते. तो अन्याय आहे. चिकोरी ही एका निळ्या फुलाच्या झाडाची मुळी. गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिची शेती होते. भाजली की ती गोडसर-कडू होते, कपाला रंग आणि दाटपणा देते, आणि तिच्यात कॅफीन नसते. नेपोलियनने इंग्लंडच्या मालाची कोंडी केली तेव्हा कॉफीविना राहिलेल्या युरोपात ती फोफावली. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापायला हवे. ८०:२०, ७०:३०, ६०:४० असे आकडे लिहिलेले असतात. बहुतेक घरांनी ते कधी वाचलेले नसतात. चाचणी घ्यायची तर या आकड्यांची घ्यावी: एकाच दुकानातून निव्वळ कॉफी, २० टक्के चिकोरीची आणि ४० टक्क्यांची, तीन फिल्टरमध्ये एकाच मापाने.

फिल्टरमध्ये फरक डोळ्यांनाही दिसतो. निव्वळ कॉफीचा अर्क लवकर खाली उतरतो आणि पातळ असतो. चिकोरी जास्त तसे थेंब सावकाश पडतात, अर्क काळा आणि दाट होतो. काळी चाखली तर ४० टक्केवाली जड, जळक्या गुळासारखी लागते आणि निव्वळ कॉफी सहज जिंकते. मग प्रत्येकीत उकळते दूध आणि साखर घाला, आणि पारडे फिरते. हलकी भाजलेली महाग अरेबिका दुधात नाहीशी होते. तिच्या फळांच्या वासाचा मागमूस उरत नाही, उरतो तो जरा विटक्या दुधासारखा आंबटपणा. रोबस्टा आणि चिकोरी दुधाच्या तोंडाला तोंड देतात. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, कडवटपणा जास्त, अंगही जास्त. दूध-साखरेला हवे असते ते नेमके हेच. जायफळ घातलेल्या कॉफीत तर पाचशे रुपयांची अरेबिका घालणे म्हणजे उधळपट्टी. आजीची पूड त्या कपासाठी योग्यच होती. काळ्या कॉफीच्या मापाने तिला जोखायला गेले की ती हरते, आणि तिच्या मापाने जोखले तर बाबाबुदनगिरीचा मळाही हरतो.

झोपेचाही हिशोब ठेवावा लागतो. निरोगी प्रौढाला दिवसाला चारशे मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचे मत आहे. अकरा ग्रॅमचा एक कप भरून प्यायला तर शंभराच्या वर सहज जातो. चार कप संपवले तर रात्री छताकडे बघत पडायची वेळ येईल. व्यवसायात चाखणारे घोट थुंकून टाकतात. घरी एक रिकामा पेला ठेवला की झाले, पाहुण्यांना आधी सांगून. चाखण्याआधी ठेचा, लसणाची चटणी, टूथपेस्ट यांना तासभर सुट्टी द्यावी. फराळानंतर तर नकोच. चकलीच्या तिखटामागून कॉफीची बारीक चव कळणे अवघड.

पाकीट निवडताना भाजल्याची तारीख बघावी, वापरण्याची मुदत नव्हे. भाजल्यावर दाण्यांना आठवडाभर विसावा दिला तर चव बसते. फोडलेले पाकीट तीन-चार आठवड्यांत संपवावे, फ्रिजमध्ये ठेवू नये. भाजण्याची पातळीही सारखी बघून घ्यावी. एक हलकी आणि एक काळी भाजलेली अशा दोन कॉफ्यांची तुलना केली तर कळतो तो भट्टीतला फरक. मळ्याचा त्यात शोध लागत नाही.

आणि दिवाळीत चाखायला बसणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की त्याच्या कपातली कॉफी बहुधा गेल्या हिवाळ्यातल्या पिकाची आहे. यंदाच्या अरेबिकाची तोडणी चिकमगळूर-कूर्गकडे साधारण नोव्हेंबरात सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालते, रोबस्टाची त्यामागून मार्चपर्यंत. वाळवणे, सोलणे, प्रतवारी आणि विश्रांती होऊन नवे पीक भाजणाऱ्यांच्या हाती येते ते उन्हाळा लागताना. आत्ता लिहिलेले कागद जपून ठेवले आणि एप्रिल-मेमध्ये त्याच मळ्याचे नवे पाकीट आणून, त्याच पाण्यात, त्याच दळणाने पुन्हा कप मांडले, तर दोन हंगामांची तुलना होते. तेव्हा मात्र कप झाकायला घरातले दुसरे कोणीतरी लागेल, आणि आमरसाच्या दिवसांत त्या कामाला माणूस मिळणे कठीण.